घड्याळ शून्यावर, तरी मॅच चालू कशी? अनटाइम्ड डाऊनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे, मेस्सीवाल्या नाही. न्यू जर्सी, डॅलस, बे एरियातल्या आपल्या मराठी लोकांची पोरं आता हायस्कूलच्या टीममध्ये खेळतायत, आणि इकडे पुण्या-मुंबईत रविवारी रात्री साडेअकराला एनएफएल (तिकडची व्यावसायिक लीग) लावून बसणारेही बरेच झालेत. सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की स्कोअरबोर्डवर ०:०० दिसतंय, अर्धं स्टेडियम नाचतंय आणि रेफ्री सगळ्यांना परत लाइनवर का बोलावतोय? आम्ही शाळेच्या मॅचला साइडलाइनवर यार्डाची चेन धरायला जातो, तिथे मागच्या कठड्यावरून हेच ऐकू येतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

डाऊन म्हणजे काय, आणि शून्य झालं की खेळ लगेच का थांबत नाही?

डाऊन म्हणजे एक प्ले. बॉल स्नॅप झाला, म्हणजे जमिनीवरून मागे दिला, तिथे सुरू, बॉल डेड झाला, म्हणजे खेळ थांबला, तिथे संपला. ज्या टीमकडे बॉल आहे (ती ऑफेन्स, समोरची डिफेन्स) तिला १० यार्ड जायला चार डाऊन मिळतात, एवढं माहीत असलं तरी पुढचं सगळं समजेल.

घड्याळ फक्त एवढंच ठरवतं की नवीन प्ले सुरू करता येईल की नाही. १ सेकंद शिल्लक असताना स्नॅप झाला तर तो प्ले पूर्ण होणार, मग त्यात चार सेकंद जावोत नाहीतर चौदा. त्यामुळे शून्यानंतर हवेत असलेला बॉल पकडून टचडाऊन (बॉल मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंडझोनमध्ये नेणं, ६ पॉइंट) झाला तर तो सरळ सरळ मोजला जातो, त्यात अनटाइम्ड काहीच नाही, तो साधा शेवटचा प्ले. पहिला गोंधळ इथेच होतो.

मग अनटाइम्ड डाऊन म्हणजे नक्की काय?

ज्या प्लेमध्ये वेळ संपली त्याच प्लेमध्ये काहीतरी नियमबाह्य झालं, तर पिरियड (म्हणजे क्वार्टर किंवा हाफ) आणखी एका डाऊनने वाढतो. घड्याळ शून्यावरच राहतं, त्यात एक सेकंदही टाकत नाहीत, आणि तो एक डाऊन संपला की पिरियड संपला. क्रिकेटमध्ये शेवटच्या बॉलला नो-बॉल पडला की तो परत टाकावा लागतो ना, तसंच. ही सोय नसती तर शेवटच्या प्लेला डिफेन्सने सरळ पास पकडणाऱ्या रिसीव्हरच्या कमरेला मिठी मारली असती, कारण पेनल्टीचे यार्ड लावायला पुढचा प्लेच नाही.

हा नियम सगळीकडे सारखाच आहे का?

नाही, आणि टीव्हीवर बघून शाळेच्या मॅचला वाद घालणाऱ्या काकांचा घोळ इथेच होतो. तीन वेगळी नियमपुस्तकं आहेत. एनएफएलचं स्वतःचं, कॉलेजला एनसीएएचं, आणि हायस्कूलला बहुतेक राज्यांत एनएफएचएसचं. कॉलेज आणि शाळेचे नियम या बाबतीत बरेच जवळचे आहेत, एनएफएल वेगळ्या वाटेने जाते. खाली जिथे फरक आहे तिथे सांगतो.

सगळ्यात नेहमीचं कारण कोणतं?

डिफेन्सचा फाउल. तिन्ही पुस्तकांत डिफेन्सने शेवटच्या प्लेला फाउल केला आणि ऑफेन्सने पेनल्टी घेतली (म्हणजे लावा म्हटलं) तर एक डाऊन मिळतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ३ डिसेंबर २०१५, डेट्रॉइट. लायन्स पॅकर्सच्या पुढे २३-२१, शेवटच्या प्लेला पॅकर्सवाले बॉल एकमेकांकडे मागे फेकत फेकत काहीतरी जमतंय का बघत होते, बॉल फिरून ॲरन रॉजर्सकडे आला आणि लायन्सच्या डेव्हिन टेलरने त्याला पाडलं. प्ले संपला, वेळ संपली. पण पंचाचा फाउलचा पिवळा फ्लॅग पडला होता, हेल्मेटची जाळी धरल्याचा, म्हणजे फेसमास्कचा, १५ यार्ड. टेलरची बोटं जाळीला किती लागली यावर डेट्रॉइटवाले अजून भांडतात, पण कॉल झाला तो झाला. पॅकर्सला स्वतःच्या ३९ यार्डावरून एक डाऊन मिळाला, रॉजर्सने बॉल इतका उंच फेकला की तो छताला लागतो की काय असं वाटलं, आणि रिचर्ड रॉजर्सने एंडझोनमध्ये गर्दीच्या पुढे उडी मारून पकडला. ६१ यार्डांचा टचडाऊन, २७-२३. नावं सारखी आहेत पण दोघे नातेवाईक नाहीत, हा प्रश्न पण येतो म्हणून सांगितलं.

एकच अनटाइम्ड डाऊन मिळतो का? की दोन पण मिळू शकतात?

कितीही. अनटाइम्ड डाऊनमध्ये परत तसाच फाउल झाला तर परत एक. डाऊन स्वच्छ खेळला जाईपर्यंत पिरियड संपत नाही.

१९ ऑक्टोबर २०१७, ओकलंडमध्ये रेडर्स विरुद्ध चीफ्स. हा शेवट नीट बघितला तर निम्मा नियम इथेच शिकून होतो. चीफ्स ३०-२४ ने पुढे. ८ सेकंद शिल्लक असताना रेडर्सच्या मायकल क्रॅबट्रीने टचडाऊन पकडला, पण त्याने डिफेंडरला ढकललं म्हणून ऑफेन्सिव्ह पास इंटरफिअरन्स (पासच्या वेळी अडथळा), टचडाऊन रद्द, १० यार्ड मागे. घड्याळात ३ सेकंद उरले होते. हे ३ सेकंद लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नात लागतील. पुढचा पास हुकला, वेळ संपली, पण चीफ्सच्या रॉन पार्करचं होल्डिंग (खेळाडूला धरून ठेवणं), म्हणून एक अनटाइम्ड डाऊन. तोही पास हुकला, आता एरिक मरेचं होल्डिंग. म्हणून दुसरा. बॉल आता २ यार्डावर आला होता, क्वार्टरबॅक (पास फेकणारा) डेरेक कारने क्रॅबट्रीलाच दिला, टचडाऊन, ३०-३०, आणि मग टचडाऊननंतरच्या जादा पॉइंटसाठी जॉर्जिओ तावेक्कियोची किक, ३१-३०. चीफ्सचे चाहते म्हणतात आम्हाला लुटलं. मला नाही वाटत. दोन्ही वेळा जर्सी ओढलेली रिप्लेत दिसते.

आणि ऑफेन्सनेच फाउल केला तर?

एनएफएलमध्ये हाफच्या शेवटच्या प्लेला ऑफेन्सचा फाउल असेल तर साधारणपणे जास्तीचा डाऊन मिळत नाही आणि त्या प्लेवर ऑफेन्सने केलेला स्कोअरही धरत नाहीत. विषय संपला. आता वरचे ते ३ सेकंद आठवा. क्रॅबट्रीचा तो इंटरफिअरन्स घड्याळ शून्यावर गेल्यावर संपलेल्या प्लेमध्ये झाला असता तर तिथेच चीफ्स ३०-२४ ने जिंकून घरी गेले असते. ३ सेकंद होते म्हणून नुसते १० यार्ड गेले आणि पुढची सगळी जत्रा झाली.

काही अपवाद आहेत, तिथे डिफेन्स मागेल तर पिरियड वाढतो. फेअर कॅच (तो काय ते खाली येतं) घेणाऱ्याला अडवलं, किंवा बॉल दुसऱ्या टीमच्या ताब्यात जायच्या आधी ऑफेन्सने पर्सनल फाउल (समोरच्याला इजा होईल असा) केला, किंवा साइडलाइनवरून कोणी येऊन धावणाऱ्याला पाडलं असला भयंकर प्रकार. बाकी बारीकसारीक आहेत, ते रोजच्या बघण्यात येत नाहीत.

कॉलेज आणि शाळेत मात्र चित्र वेगळं. तिथे शेवटच्या प्लेमधल्या कुठल्याही टीमच्या लाइव्ह-बॉल (प्ले चालू असताना झालेल्या) फाउलची पेनल्टी घेतली गेली की पिरियड वाढतो. म्हणजे समजा ऑफेन्सने होल्डिंग करून शून्यावर टचडाऊन केला. डिफेन्स पेनल्टी घेणारच, नाहीतर टचडाऊन राहील. टचडाऊन रद्द, १० यार्ड मागे, आणि ऑफेन्सला परत एक डाऊन! ज्याने नियम मोडला त्यालाच परत संधी. मला हे कधीच पटलेलं नाही, एनएफएलची पद्धत जास्त न्यायाची वाटते. शाळेच्या मॅचला हे बघून एखादा बाबा चिडतो तेव्हा नियम समजावून सांगता येतो पण का ते सांगता येत नाही.

लॉस ऑफ डाऊनचा काय संबंध? ते ओक्लाहोमा स्टेटचं काय झालं होतं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, सावकाश वाचा.

काही फाउल असे आहेत की यार्ड जातातच, शिवाय तो डाऊनही जातो, परत खेळायला मिळत नाही. मुद्दाम बॉल रिकाम्या जागी फेकणं, म्हणजे इंटेन्शनल ग्राउंडिंग, हा त्यातला. प्ले जिथून सुरू झाला त्या रेषेच्या पुढे जाऊन पुढे पास फेकणं हा दुसरा. बॉल असलेल्या टीमने असा फाउल शेवटच्या प्लेला केला तर कॉलेज आणि शाळा दोन्हीकडे पिरियड वाढत नाही, कारण परत खेळायला डाऊनच उरलेला नाही.

१० सप्टेंबर २०१६, स्टिलवॉटर, कॉलेजची मॅच. ओक्लाहोमा स्टेट २७, सेंट्रल मिशिगन २४, घड्याळात ४ सेकंद, ओक्लाहोमा स्टेटचा चौथा डाऊन. क्वार्टरबॅक मेसन रुडॉल्फने वेळ काढायला बॉल उंच लांब फेकून दिला, तो खाली येईपर्यंत वेळ संपली. हुशारी होती, पण आसपास कोणी रिसीव्हर नव्हता म्हणून इंटेन्शनल ग्राउंडिंगचा फ्लॅग. फ्लॅग बरोबर होता. पुढचं चुकलं. पेनल्टी लॉस ऑफ डाऊनची, म्हणजे मॅच तिथेच संपायला हवी होती. त्याऐवजी पंचांनी सेंट्रल मिशिगनला एक अनटाइम्ड डाऊन दिला. कूपर रशने लांब पास फेकला, जेसी क्रॉलने पकडला, पडता पडता मागे कोरी विलिसकडे दिला आणि विलिस साइडलाइनच्या बाजूने धावत कोपऱ्यात घुसला. ५१ यार्ड, ३०-२७.

मॅच संपल्यावर काही वेळातच अधिकाऱ्यांनी मान्य केलं की नियम चुकीचा लावला. मैदानावरचे पंच आणि रिप्लेवाले, दोघांना दोन दोन मॅचेससाठी सस्पेंड केलं. पण निकाल? तसाच राहिला, कारण रेफ्रीने मॅच संपली म्हणून जाहीर केलं की स्कोअर अंतिम, असं एनसीएएचं पुस्तकच सांगतं. ओक्लाहोमा स्टेटच्या रेकॉर्डमध्ये तो पराभव आजही आहे.

मला यात पंचांचं आश्चर्य वाटत नाही, माणूस गडबडतो. आश्चर्य याचं वाटतं की मैदानावर एवढे पंच, वर रिप्लेची खोली, आणि एकानेही थांबून एवढं विचारलं नाही की बाबांनो हा लॉस ऑफ डाऊन आहे ना?

पेनल्टी नाकारता येते का?

हो, आणि बऱ्याचदा नाकारतातच. तुम्ही पुढे आहात, गुडघा टेकवून वेळ संपवलात आणि डिफेन्स ऑफसाइड होता, तर कशाला परत बॉल स्नॅप करून फंबलचा (बॉल हातातून सुटण्याचा) धोका घ्यायचा? नको म्हणा, मॅच संपली.

दोन्ही टीम्सनी फाउल केला तर?

बहुतेक वेळा ते एकमेकांत वजा होतात आणि डाऊन परत खेळतात, तोही वेळेशिवाय. मध्येच बॉल दुसऱ्या टीमकडे गेला असेल तर हिशोब बदलू शकतो.

पंचाने चुकून शिट्टी वाजवली तर?

शाळेत आणि कॉलेजात त्या कारणानेही पिरियड वाढतो. चूक पंचाची, तिचा फटका टीमला बसू नये म्हणून. बरे पंच शिट्टी ओठात धरून ठेवत नाहीत, आधी बॉल डोळ्याने दिसला पाहिजे मग शिट्टी.

प्ले संपल्यावर मारामारी झाली, तर डाऊन मिळतो का?

नाही. बॉल डेड झाल्यावरचा फाउल पिरियड वाढवत नाही. हाफटाइम असेल तर ते यार्ड पुढच्या किकऑफला लावतात, आणि मॅचच संपली असेल तर यार्ड लावायला जागाच नाही. म्हणूनच पंचांना फ्लॅग कधी पडला यापेक्षा फाउल कधी झाला हे नक्की सांगता यावं लागतं. लाइव्ह की डेड, या एका उत्तरावर मॅच फिरते.

शून्यावर टचडाऊन झाला तर एक्स्ट्रा पॉइंटची किक मारतात का?

निकालावर फरक पडत असेल तर मारतात. हाफटाइमच्या आधी असेल तर मारतातच. मॅचच्या शेवटी, फरक पडणार नसेल तर आता सोडून देतात.

आता म्हणतो कारण एनएफएलमध्ये हे २०१८ पासून आहे. त्याच वर्षी जानेवारीत मिनेसोटामध्ये प्लेऑफला स्टेफॉन डिग्जने शून्यावर ६१ यार्डांचा टचडाऊन केला, व्हायकिंग्ज २९, सेंट्स २४. मॅच संपल्यात जमा, मैदानावर कॅमेरे, कुटुंबं, सगळा गोंधळ, सेंट्सचे अर्धे लोक ड्रेसिंग रूममध्ये गेलेले. पण नियमाप्रमाणे ट्राय (टचडाऊननंतरचा जादा पॉइंटचा प्ले) खेळायलाच हवा होता, म्हणून सेंट्सच्या काही जणांना परत बोलावलं, ते कसेबसे आठ जण उभे राहिले आणि केस कीनमने बॉल घेऊन गुडघा टेकवला. त्यानंतर नियम बदलला.

त्याहून विनोदी किस्सा २९ नोव्हेंबर १९९८ चा, पेट्रियट्स विरुद्ध बिल्स. शेवटच्या लांब पासवर बिल्सचा पास इंटरफिअरन्स, १ यार्डावरून अनटाइम्ड डाऊन, ड्र्यू ब्लेडसोने बेन कोट्सला टचडाऊन दिला. बिल्स इतके भडकले होते की ट्रायला थांबलेच नाहीत, निघून गेले. समोर कोणी नाही म्हटल्यावर किकर ॲडम विनाटिएरी बॉल घेऊन आरामात चालत एंडझोनमध्ये गेला, दोन पॉइंट, २५-२१.

कॉलेजात एक बारकावा. तिथे डिफेन्सही ट्रायवर बॉल पळवून उलटे दोन पॉइंट मिळवू शकतो, म्हणून पुढच्या टीमची आघाडी १ किंवा २ ची असेल तर ट्राय खेळावा लागतो. वरच्या सेंट्रल मिशिगनला तीनची होती, म्हणून तिथेच संपलं.

फेअर कॅच किक हा काय प्रकार आहे?

दुर्मिळ, पण असला प्रकार लाइव्ह बघायला मिळाला तर मित्रांना फोन करून उठवा. पंट (समोरच्या टीमकडे लांब मारलेली किक) पकडणाऱ्याने हात हलवून फेअर कॅच मागितला की त्याला कोणी हात लावायचा नाही, आणि तो पकडल्यावर त्याच्या टीमला त्या जागेवरून स्नॅपशिवाय फील्ड गोल (किकने बॉल खांबांमधून घालणं, ३ पॉइंट) मारायचा हक्क मिळतो. समोरच्यांनी १० यार्ड लांब उभं राहायचं, अंगावर कोणी धावून येत नाही. एनएफएलमध्ये हाफच्या शेवटच्या प्लेला हे झालं तर वेळ नसतानाही किक मारता येते.

१९ डिसेंबर २०२४ ला चार्जर्स-ब्राँकोज मॅचमध्ये हेच झालं. पहिल्या हाफच्या शेवटी ब्राँकोजचा पंट, डेरियस डेव्हिसने फेअर कॅच मागितला, ट्रेमन स्मिथ त्याच्यावर आदळला, घड्याळ शून्य. १५ यार्डांची पेनल्टी, बॉल ब्राँकोजच्या ४७ वर, आणि कॅमेरॉन डिकरने ५७ यार्डांची किक मारली. याआधी असा फील्ड गोल १९७६ मध्ये झाला होता, रे वेर्शिंगचा, तोही चार्जर्सचाच. म्हणजे मधल्या ४८ वर्षांत एकही नाही. चार्जर्स ती मॅच ३४-२७ जिंकले.

हायस्कूलच्या नियमात ही किक आहे, कॉलेजात नाही.

घड्याळात १ सेकंद परत टाकतात, तो अनटाइम्ड डाऊनच ना?

नाही, हे दोन अगदी वेगळे. २००९ च्या कॉलेजच्या बिग १२ फायनलला टेक्सासला १ सेकंद परत मिळाला आणि हंटर लॉरेन्सच्या फील्ड गोलवर ते नेब्रास्काला १३-१२ हरवून गेले. २०१३ मध्ये अलाबामाला ऑबर्नविरुद्ध १ सेकंद परत मिळाला, त्यांनी लांबचा फील्ड गोल मारायला घेतला, तो तोकडा पडला आणि क्रिस डेव्हिस तो पकडून अख्खं मैदान पळाला, ३४-२८. दोन्ही ठिकाणी फाउलचा संबंध नव्हता, घड्याळ चुकीचं चाललं होतं ते दुरुस्त केलं. तो डाऊन वेळेचाच होता. (अलाबामावाल्यांनी तो सेकंद मागितलाच नसता तर बरं झालं असतं!)

१० सेकंदांचा रनऑफ म्हणजे याच्या उलट का?

तसंच म्हणा. हाफच्या शेवटी ऑफेन्सने असा फाउल केला की ज्याने चालू घड्याळ थांबतं, तर घड्याळातून १० सेकंद कापले जातात, १० किंवा त्याहून कमी असतील तर हाफच संपतो.

दोन्ही नियम एकमेकांना कसे भिडतात ते १५ नोव्हेंबर २०१५ च्या जॅग्वार्स-रेव्हन्स मॅचमध्ये दिसलं. जॅग्वार्सनी घाईघाईत शेवटचा स्नॅप घेतला, एल्व्हिस ड्युमर्विलने ब्लेक बॉर्टल्सला पाडताना फेसमास्क धरला, अनटाइम्ड डाऊन मिळाला आणि जेसन मायर्सने ५३ यार्डांवरून मारून २२-२० केलं. नंतर लीगने मान्य केलं की त्या स्नॅपच्या वेळी जॅग्वार्सचे सगळे खेळाडू स्थिर नव्हते, तो फाउल द्यायला हवा होता, मग रनऑफ लागून मॅच आधीच संपली असती. म्हणजे फेसमास्कचा प्ले व्हायलाच नको होता.

हे फक्त हाफ आणि मॅचच्या शेवटीच असतं का?

शाळेत आणि कॉलेजात चारही क्वार्टरला. पहिल्या किंवा तिसऱ्या क्वार्टरला कोणाचं लक्ष नसतं, पण वाढीव डाऊन त्याच दिशेने खेळतात आणि मग बाजू बदलतात, त्यामुळे जोराचा वारा असेल तर पंट करणाऱ्या टीमला तो एक डाऊन चांगलाच महागात किंवा स्वस्तात पडतो.

अनटाइम्ड डाऊनला काय खेळायचं यावर बंधन आहे का?

काही नाही. धावा, पास करा, फील्ड गोल मारा. प्ले क्लॉक (स्नॅप करायची मुदत मोजणारं घड्याळ) चालूच असतो, म्हणजे वेळ नाही म्हणून निवांत बसायचं असं नाही. कॉलेजच्या ओव्हरटाइमला मात्र गेम क्लॉकच नसतो, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

स्टँडमध्ये बसून कसं ओळखायचं की खरंच संपलं?

स्कोअरबोर्डकडे बघू नका, पांढऱ्या टोपीवाल्याकडे बघा, तो रेफ्री. शून्य झाल्यावर तो लगेच काही करत नाही. चारी बाजूंना नजर फिरवतो, कुठे पिवळा फ्लॅग पडलाय का, कोणी पंच पळत येतोय का, कोच काही विचारतोय का, घड्याळाची काही चूक आहे का. सगळं ठीक असलं की मग बॉल हातात घेऊन डोक्याच्या वर धरतो. बॉल वर गेला की पिरियड संपला, त्याआधी नाही. चेन धरणाऱ्या आम्हा लोकांनाही हेच सांगून ठेवलेलं असतं, की बॉल वर दिसेपर्यंत काठी जमिनीवरून उचलायची नाही, मागून कोणी कितीही ओरडो, कारण फ्लॅग असेल तर डाऊन कुठून मोजायचा ते त्या काठीवरच ठरतं. पोरांच्या मॅचला आलात तर गाडीकडे पळायच्या आधी एवढं बघून घ्या.